खुंटीवरचा सदरा

पहिलं नाव आबांचं. माझी आई पहिला घास घेण्याआधी ज्याच्या शेतातली ज्वारी ताटात असेल त्याची आठवण काढायची, मग तो माणूस गावात कितीही वाईट म्हणून माहीत असो. तीच सवय मला लागली. म्हणून आधी आबा, मग त्यांच्या पत्नी माई, आणि मग मी काय केलं ते. खरं तर मी काय केलं तेच सांगायला बसले आहे. पण ते आधी सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही अशी भीती वाटते. मला कशाचीही भीती वाटते. सातवीतून शाळा सुटली, त्यामुळं लिहिताना तर जास्तच.

आबा म्हणजे नाशकातले एक म्हशीवाले. गंगापूर रोडच्या पुढं तेव्हा कोबीची आणि फुलांची शेतं होती, त्यांच्यामध्ये त्यांचा गोठा. बावीस म्हशी. पुढं ते आमदार झाले, पाच वर्षं राहिले. पण मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते द्वारकेच्या चौकात, नव्वद सालानंतर कधीतरी. मी आणि आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, हिंगोलीकडून एसटीनं आलो होतो. मालकांच्या चुलतभावाचा पत्ता चिठ्ठीवर होता. तो भाऊ महिनाभर आधीच तिथून दुसरीकडं राहायला गेला होता, कुठं ते कुणाला माहीत नव्हतं. एका मिठाईच्या दुकानासमोर गाठोड्यावर बसून आम्ही दुपार काढली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघून मी मालकांच्या आणखी जवळ सरकत होते. एक मोटरसायकल दुकानापाशी थांबली, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधलेले. माणूस उतरला, कॅन आत दिले, बाहेर आला, आणि आमच्याकडं बघून म्हणाला,

"सकाळी फेरीला आलो तवाबी इथंच व्हते ना तुम्ही? कुणाची वाट बघता?"

मालकांनी चिठ्ठी दाखवली. आबांनी ती वाचली, घडी घातली आणि परत दिली.

"म्हशीला भिता का?" त्यांनी मला विचारलं. मालकांना नाही, मला.

मी म्हणाले, "मी सगळ्यालाच भिते."

ते इतके हसले की दुकानदार बाहेर डोकावला. "मग म्हशीचं काय येगळं? चला."

एवढंच. गोठ्यामागं एक खोली होती, ती त्यांनी आम्हाला दिली. माईंनी त्या संध्याकाळी भाकरी आणि दुधात कालवलेला गूळ पाठवला. त्या घासाच्या आधी मी आबांची आठवण काढली होती. आजही काढते.

मालकांना चारा-पाण्याचं काम लागलं. मला आबांनी दूध काढायला शिकवलं. आधी आठ दिवस नुसतं म्हशीजवळ बसवलं, हात लावू दिला नाही. "तिला तुझा वास कळू दे. जनावर डोळ्यानं वळखत नाय, नाकानं वळखतं," असं म्हणायचे. मग अंगठा आत कसा घ्यायचा, ओढायचं नाही दाबायचं, कास धुताना पाणी कोमट कसं हवं, हे सगळं. माझ्या बोटांना गाठी आल्या. माई रात्रीच्या उरलेल्या सायीनं माझी बोटं चोळून द्यायच्या आणि म्हणायच्या, "सासरी आल्यावर माझी अशीच झाली व्हती. कुणी चोळली नाय."

आता एका म्हशीचं सांगते. कपाळावर पांढरा टिळा होता, म्हणून आम्ही सगळे तिला टिळ्याची म्हणायचो. पहिल्याच वेताला, म्हणजे पहिल्यांदा व्यायली तेव्हा, तिचं रेडकू गेलं. रेडकू गेलं की म्हैस पान्हा चोरते. दूध कासेत असतं पण ती सोडत नाही. आजूबाजूचे गोठेवाले अशा वेळी इंजेक्शन टोचायचे. टोचलं की दूध वाहतं, म्हशीची इच्छा असो वा नसो. काही जण मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं उभं करायचे. आबांना दोन्ही पटायचं नाही. "एक जुलूम आन् दुसरी फसवणूक," म्हणायचे. ते तिच्यापाशी जाऊन बसले. सकाळ-संध्याकाळ, अकरा दिवस. पाठीवरनं हात फिरवायचा, गळ्याखाली खाजवायचं, आणि हळू आवाजात "बाय गं बाय, बाय गं बाय" करत राहायचं. कास दगडासारखी होऊ नये म्हणून माई शेकत होत्या. अकराव्या दिवशी तिनं पान्हा सोडला. आबा तेव्हा रडले, हे मी पाहिलंय. नाक सदऱ्याच्या बाहीला पुसलं त्यांनी.

तेव्हापासून ती फक्त त्यांच्याच हाताला दूध द्यायची. पुढच्या वेतांना रेडकं जगली तरीही. दुसऱ्या कुणी बसलं की मान वळवून हुंगायची आणि पाय झाडायची.

आबा आमदार कसे झाले ते मला कळलं तसं सांगते, राजकारणातलं मला काही समजत नाही. दूध घालायचं जे केंद्र होतं तिथं गरिबाच्या दुधाला फॅट कमी लागायची, म्हणजे भावही कमी. सगळे कुरकुरायचे, बोलायचं कुणी नाही. एक दिवस आबांनी टिळ्याचीचं दूध एकाच बादलीतून दोन किटल्यांत ओतलं. एक स्वतः घेऊन गेले, दुसरी आमच्या मालकांच्या हाती दिली आणि रांगेत मागं उभं केलं. आबांच्या किटलीला सात फॅट लागली. मालकांच्या किटलीला साडेपाच. आबांनी दोन्ही पावत्या टेबलावर शेजारी ठेवल्या आणि म्हणाले,

"म्हैस एक, कास एक, बादली एक. मग दीड फॅट गेली कुठं? माणसात?"

ती गोष्ट तालुक्यात पसरली. गावागावातून लोक किटल्या घेऊन त्यांच्याकडं यायला लागले. मग कुणीतरी म्हणालं, उभे राहा. माई नको म्हणाल्या. आबा म्हणाले, "पाच वर्सं जातो. आमदारकी येईल-जाईल, म्हशी कुठं जात्यात?"

प्रचारात ते भाषण कमी करायचे. गावात गेले की एखाद्या गोठ्यात शिरायचे, बादली मागायचे आणि अनोळखी म्हशीखाली बसायचे. मालक त्यांच्याबरोबर फिरायचे, त्यांनी मला हे सांगितलं. एका गावात एक म्हातारा म्हणाला, "आबा, मतं मागाया आलाय का दूध काढाया?"

"आधी म्हशीला पसंत पडू द्या की बाबा," आबा म्हणाले. "ती लाथ मारती का बघू. नाय मारली तर मत मागतो."

लोक हसले. निवडून दिलं.

मुंबईला जायच्या आदल्या दिवशी दुपारी आबांनी अंगातला गोठ्याचा सदरा काढला आणि टिळ्याचीच्या शेजारी भिंतीतल्या खुंटीला टांगला. कधीकाळी पांढरा असेल, आता शेणाचा, घामाचा, सरकीच्या पेंडीचा रंग आलेला. मला म्हणाले, "मी नसताना तू बस हिच्याखाली. हा सदरा घालून बस. मी शनवारी येतो, आल्यावर हाच घालीन, म्हंजी वास टिकंल. धुवायचा नाय."

माई मागं उभ्या होत्या. त्यांनीही मला बोट दाखवून सांगितलं, "ऐकलं का पोरी? धुवायचा नाय."

साडीवर आबांचा सदरा घालून मी पहिल्यांदा टिळ्याचीखाली बसले तेव्हा मालक हसून लोटपोट झाले होते. सदरा माझ्या गुडघ्यापर्यंत यायचा. म्हशीनं मान वळवली, बाही हुंगली, आणि उसासा टाकून उभी राहिली. मी आबांसारखं "बाय गं बाय" म्हणाले. दूध आलं. मला वाटलं मी कुणाची तरी सही करते आहे.

पहिलं वर्ष-दीड वर्ष आबा दर शनिवारी यायचे. गाडीतून उतरले की पांढरे कपडे काढायचे, तो सदरा चढवायचे आणि आधी गोठ्यात. मग घरात. अंगणात, जिथं कॅन धुवून पालथे घालायचो तिथं, आता लोक अर्ज घेऊन बसलेले असायचे. कुणाला दवाखान्याची चिठ्ठी हवी, कुणाच्या पोराला कॉलेजात जागा, कुणाची बदली. आबा दूध काढून, शेणाचे हात धुवून अर्ज वाचायचे. एकदा त्यांनी सभागृहात पेंडीच्या भावाबद्दल प्रश्न विचारला होता, तेव्हा मागून कुणीतरी हंबरलं. हे त्यांनी आम्हाला स्वतःच हंबरून दाखवलं. आम्ही सगळे हसलो. माई हसल्या नाहीत.

दुसरी एक गोष्ट त्यांनी हसून सांगितली नाही. ती माईंनी मला भांडी घासताना सांगितली. मुंबईत लिफ्टमध्ये दोन साहेब लोक होते. आबा आत शिरले तसा एकानं रुमाल नाकाला लावला. दुसरा हळूच काहीतरी बोलला. आबांना ऐकू आलं. त्या आठवड्यापासून ते वासाचा साबण वापरायला लागले. दोन वेळा अंघोळ. शनिवारी आले तर खिशात अत्तराची छोटी बाटली.

"आता गोठ्यात गेले की पुन्हा अंघोळ करावी लागती," माई म्हणाल्या. "मग जात्यात कशाला?"

आणि खरंच कमी जायला लागले. शनिवार चुकायला लागले. आले तरी लोकांचा गराडा, गाडी चालू ठेवलेली. गोठ्याच्या दाराशी उभं राहून टिळ्याचीकडं बघायचे, "काय गं, बरी हाय का?" विचारायचे. ती कान हलवायची. सदरा खुंटीलाच.

मी तो लिफ्टमधला रुमाल विसरू शकले नाही. मला सारखं वाटायचं, या माणसानं मला चौकातून उचलून घर दिलं, आणि त्याच्यासमोर कुणी नाक धरतं. मला त्याचं काहीतरी करायला हवं. माझ्यासारख्या बाईच्या हातात काय असतं? झाडू, पाणी, साबण.

तिसऱ्या वर्षी कळलं की एक मंत्री आबांच्या घरी चहाला येणार आहेत. चार दिवस आधीपासून घराला रंग, अंगणात मांडव. मंत्र्यांना गोठाही बघायचा होता म्हणे, 'म्हशीवाले आमदार' म्हणून आबांचं नाव झालं होतं. मी गोठा घासायला घेतला. दावणी धुतल्या, भिंतीला चुना मारला, म्हशींच्या शिंगांना तेल लावलं. आणि ती खुंटी दिसली. तिच्यावरचा तो सदरा. मला डोळ्यांसमोर मंत्री दिसले, त्यांचा रुमाल दिसला.

मी सदरा काढला. हौदावर नेला. साबण लावला, दगडावर आपटला, दोनदा पिळला, नीळ दिली. उन्हात वाळत घातला तेव्हा तो इतका पांढरा दिसत होता की माझा ऊर भरून आला. मला धुवायचा नाही हे आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण मला वाटलं ते रोजच्यासाठी होतं. आज पाहुणे आहेत. आबांची लाज राखायची आहे.

मंत्री आले, चहा पिऊन गेले. गोठ्यापर्यंत आलेच नाहीत.

चार वाजता मी तो कडक वाळलेला सदरा घालून टिळ्याचीखाली बसले. तिनं मान वळवली. बाही हुंगली. पुन्हा हुंगली. मग पूर्ण वळून मला बघितलं आणि एवढ्या जोरात पाय झाडला की बादली पार हौदापर्यंत गेली.

मला त्या क्षणी सगळं कळलं.

मालक म्हणाले, "माईला सांगून टाक की. जास्तीत जास्त बोलतील."

"आणि काढून टाकलं तर? कुठं जायचं? पुन्हा द्वारकेच्या चौकात?"

"अगं, आबा तसे नाहीत."

"म्हणूनच सांगवत नाही," मी म्हणाले. आणि नाही सांगितलं. मुंबईला फोन करून आबांना बोलावता आलं असतं. त्यांनी एक दिवस येऊन सदरा घातला असता, तिच्यापाशी बसले असते, तर सगळं निस्तरलं असतं. मी तेही केलं नाही. माईंना म्हणाले, म्हैस जरा सुस्त आहे, दूध कमी देतेय. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि "बरं" म्हणाल्या.

चार दिवस तिनं दूध सोडलं नाही. कास ताणली, गरम झाली. मी आबांसारखी तिच्यापाशी बसून राहिले. शेकत होते, खाजवत होते, पेंड हातानं भरवत होते. पाचव्या दिवशी दुपारी मी सदरा काढून ठेवला होता, नुसत्या साडीवर होते, तिच्या पोटाला डोकं टेकून रडत होते. आमच्याकडं जनावराला 'माय' म्हणतात. मी "माय, माझी माय, सोड गं" म्हणत होते, माझ्या गावच्या बोलीत. आणि तिनं सोडलं. माझ्या मनगटावरनं गरम दूध वाहिलं.

आता जे लिहिते ते आजवर मालकांनासुद्धा सांगितलेलं नाही. मला आनंद झाला. नुसतं सुटल्याचा नाही. तिनं मला घेतलं, माझ्या वासाला, माझ्या बोलीला, सदऱ्याशिवाय, याचा आनंद. नाशकात इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या खोलीत, दुसऱ्याच्या सदऱ्यात होते. तो आनंद मला अजून टोचतो.

त्यानंतर मी सदरा नुसता दाखवायला घालत राहिले, माई आल्या तर असावा म्हणून. त्याला हळूहळू पुन्हा वास लागला. पण माझा.

पाच वर्षं संपली. मधल्या काळात शहर आमच्या गोठ्याच्या भिंतीपर्यंत आलं होतं. नव्या बंगल्यांतले लोक शेणाची तक्रार करायचे. सगळे गोठे शहराबाहेर हलवायचं ठरत होतं, आणि आबांनी गोठेवाल्यांना शब्द दिला होता की आधी जागा मिळेल, मग हलायचं. जागा मिळाली नाही. आबा खेटे घालून थकले. गोठेवाले म्हणायला लागले, साबण लागला आमदाराला. निवडणुकीत ते पडले. त्यांच्याच लोकांनी पाडलं.

दोन दिवसांत अंगण रिकामं झालं. अर्जवाल्यांनी टाकलेली सतरंजी मी उचलली, तर खाली कॅनांचे गोल डाग तसेच होते.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला आबा गोठ्यात आले. खुंटीवरचा सदरा काढला, चढवला. पोट सुटलं होतं, बटणं लागेनात. मला म्हणाले, "ऊठ पोरी. झाली तुझी पाच वर्सं."

आजूबाजूचे दोन-तीन गोठेवाले दाराशी येऊन उभे राहिले. आबा पडले तरी या लोकांना त्यांच्याबद्दल माया होती, बघायला आले होते. आबा टिळ्याचीखाली बसले. कास धुतली. हात अजून तसाच हलका होता. "बाय गं बाय," ते म्हणाले.

तिनं मान वळवली. सदरा हुंगला. मग आबांचा हात हुंगला. आणि त्यांच्यावरून माझ्याकडं बघितलं.

आबांनी आचळाला हात घातला. काही नाही. पुन्हा चोळलं, खाजवलं. "बाय गं बाय." ती एक पाऊल सरकली. आबाही स्टूल सरकवून जवळ गेले. तिनं पाय उचलला, मारला नाही, नुसता उचलून धरला.

दारातून एक जण म्हणाला, "आमदारसाहेब, अर्ज द्या तिला! दोन प्रतीत!"

सगळे हसले. आबाही हसले, सवयीनं. मग त्यांचं हसू थांबलं आणि बाकीच्यांचंही थांबलं. एकेक करून माणसं दारातून निघून गेली. बाहेर दुधाची गाडी येऊन हॉर्न वाजवायला लागली. आबा बसूनच होते. बादलीत थेंब नव्हता.

"तू बस," शेवटी ते म्हणाले.

"आबा, उद्या देईल. उद्या—"

"बस म्हणतो ना."

मी बसले. देवाशपथ सांगते, त्या दिवशी तिनं सोडू नये म्हणून मी मनात हात जोडले होते. बोटं वाकडी धरली, चुकीचं दाबलं. तरी सोडलं तिनं. बादलीच्या तळाला सर्र सर्र आवाज यायला लागला. तो आवाज आबा ऐकत उभे होते.

"बरोबर हाय तिचं," ते म्हणाले. "पाच वर्सं मी मुंबईत सगळ्यांना म्हशीवाला म्हणून सांगत फिरलो. हिला कुणी इचारलंच नाय." सदरा काढून त्यांनी खुंटीला लावला. "जनावर खोटं बोलत नाय पोरी."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडात आलं होतं. आबा, ती विसरली नाही, मी पुसलं. साबणानं पुसलं, तुमची लाज राखायला. एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मी दूध काढत राहिले, कारण गाडी थांबली होती.

आबा पुन्हा कुठल्याच म्हशीखाली बसले नाहीत. वर्षभरात त्यांनी गोठा मोडला. म्हशी ओळखीच्या लोकांत दिल्या, टिळ्याची एका चांगल्या घरी, सिन्नरकडं. ती दोन वर्षांनी गेली असं कळलं. तिची शेवटची वगार, म्हणजे मादी रेडकू, होती, आईसारखाच टिळा. ती गोठा मोडतानाच आबांनी मला दिली. नांदगावकडं त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा पडीक गोठा होता, तिथं आमची राहायची सोय लावून दिली. वगारीचं दावं माझ्या हातात देताना म्हणाले, "हिला माझा हात ठाव नाय. बरं हाय. तुझाच लाव."

नांदगावला पाणी कमी, ऊन जास्त. हिंगोली इथूनही लांबच. पण वगार वाढली.

मग आबांना झटका आल्याचं कळलं. डावी बाजू गेली. मी दही घेऊन नाशकाला गेले. गोठ्याच्या जागी इमारत उभी आहे, तिच्यात दुसऱ्या मजल्यावर मुलाकडं आबा-माई राहतात. दावणी होत्या तिथं आता गाड्या लावतात. आबा खिडकीपाशी खुर्चीत होते. मला बघून चेहऱ्याची अर्धी बाजू हसली. बोलणं नीट येत नाही. त्यांनी उजवा हात पुढं केला, माझं बोट धरलं आणि अंगठा आत घेऊन दाबलं. दूध काढतात तसं. दोनदा. मग सोडलं आणि खिडकीकडं बघायला लागले.

स्वयंपाकघरात मी माईंना म्हणाले, "माई, आबांचा एखादा अंगातला जुना सदरा द्याल? वगार गाभण आहे. गोठ्यात टांगीन म्हणते."

माई आत गेल्या. आबांनी आदल्या दिवशी घातलेला सदरा घेऊन आल्या, घडी न घालता. माझ्या हातात देताना म्हणाल्या,

"या खेपेला धुवू नको."

मी ओट्याला धरलं.

"मला त्याच दिवशी कळलं व्हतं," माई म्हणाल्या. "निळीचा वास लपतो व्हय?"

"मग बोलला का नाही? आबांना का नाही—"

"मी वाट बघितली. म्हटलं एका शनवारी येतील, सदरा घालतील, पुन्हा लागंल वास. एक शनवार बास व्हता गं." त्यांनी गॅस बारीक केला. "नाय आला तो शनवार. तू धुतलास आन् त्यांनी घातला नाय. आता कुणाला बोलू?"

माईंनी मला माफ केलं असं मी धरत नाही. त्यांनी वाटणी केली, एवढंच. पण त्यातला माझा वाटा आबांना अजून ठाऊक नाही. खिडकीत बसून ते अजून हेच समजतात की म्हशीनं त्यांना ओळखायचं नाकारलं.

वगार व्यायली. मी तिच्याखाली पहिल्या दिवसापासून आबांचा सदरा घालून बसते. माझ्या बोलीत एक शब्द बोलत नाही, तोंडातून माय येऊ लागलं की ओठ दाबते. "बाय गं बाय" एवढंच म्हणते. महिन्यातून एकदा नाशकाला जाते, जुना सदरा माईंना देते आणि आबांच्या अंगातला नवा आणते, पिशवीत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर धरून. वास उडून जाईल अशी सारखी धास्ती असते. वास टिकला तरी आबा टिकतील का, टिकले तरी एवढा प्रवास झेपेल का, झेपला तरी ती त्यांच्या हाताला सोडेल का, हे सगळं मी रोज चार वाजता स्टुलावर बसून मोजते.

पण आबा, मी तुम्हाला इथं आणीन. थंडी कमी झाली की गाडी करीन, माईंना बरोबर घेईन. तुम्हाला माझ्या स्टुलावर बसवीन, डाव्या बाजूनं मी धरीन, उजवा हात तुमचा. ती तुम्हाला हुंगेल. ती पान्हा सोडेपर्यंत मी बसून राहीन, अकरा दिवस लागले तर अकरा दिवस. आणि बादलीत पहिला आवाज आला की साबणाचं सगळं सांगेन. तुम्ही मला चौकातून उचललंत, त्याची फेड एवढ्यानं होणार नाही, पण माझ्यामुळं जे तुमच्या हातातून गेलं ते एक दिवस तुमच्या हातात परत देईन.